हातभर ढील

समीक्षाचा फोन आला तेव्हा तोताराम नाना ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. थोरल्या भावाची ही नात गोव्याहून बोलत होती. दोन दिवसांची सुट्टी काढून गावी येते म्हणाली. नंतर मॉरिशसला जाऊन जहाज गाठायचं आणि तिथून सरळ दक्षिणेला, बर्फाच्या समुद्रात, देवमाशांच्या कामाला. नानांनी दोनदा ‘वा’ म्हटलं. मग ती म्हणाली, या वेळी तुमचा गळ मी घेऊन जाणार आहे, काढून ठेवा. नानांच्या हातातली शेंग हातातच राहिली. ये तर खरी, बघू, असं काहीतरी म्हणून त्यांनी फोन ठेवला. अठरा वर्षं जी गोष्ट ते मिशीला पीळ देत गावभर सांगत आले होते, ती आता दारात येऊन गळ मागणार होती, आणि गळ काही घरात नव्हता.

ज्यांनी विहिरीवर पाणी भरलेलं नाही त्यांना गळ म्हटलं की मासेच आठवतील. हा गळ वेगळा. लोखंडाची जाड कडी आणि तिला चारी अंगांनी लावलेले वीतभर लांबीचे आकडे. विहिरीत घागर पडली, बादली सुटली, की हा दोराला बांधून खाली सोडायचा, तळाशी फिरवत राहायचं आणि भांडं अडकलं की वर काढायचं. नरडाण्याच्या अलीकडच्या त्या गावात घरं साठ आणि गळ एकच. तो नानांच्या वडिलांचा, पुनाभाऊंचा.

गळ मागेल त्याला मिळायचा, पण रिकाम्या हाताने नाही. नेणाऱ्याने आपल्या घरातलं एक भांडं ठेवून जायचं आणि गळ परत आणला की भांडं उचलायचं. नाहीतर तो या दारातून त्या दारात फिरत राहिला असता आणि ऐन वेळी सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असतं. या नियमाची राखणदार म्हणजे नानांची आई तानुबाई. स्वयंपाकघरातल्या फळीचं डावं टोक तिने अशा भांड्यांसाठी मोकळं ठेवलं होतं. तिकडे नजर टाकली की आज कोणाच्या हातून बादली सुटली ते घरबसल्या कळायचं. एका नव्या सुनेची पितळी परात महिन्यात तीनदा त्या फळीवर आली, तेव्हा या बाईला पाणी जास्त लागतं की विहिरीवरच्या गप्पा, यावर गावात पुष्कळ ऊहापोह झाला.

दोर धरायला नाना वडिलांकडून शिकले, दहाव्या वर्षी. पुनाभाऊ विहिरीच्या काठावर डोळे मिटून बसत. तळाचा दगड हाताला कसा लागतो, गाळ कसा लागतो आणि घागरीचा गळा कसा लागतो, ते बोटांनी ओळखायचं. आणि खरी मेख त्यापुढे होती. भांडं लागलं की लगेच ओढायचं नाही. आधी हातभर ढील द्यायची. ढील मिळाली की आकडा फिरून नीट बसतो. घाई केली की घागर अर्ध्यावरून निसटते आणि वर वाकून बघणारे हसतात. हे हसणं टाळण्यासाठी नाना आयुष्यभर हातभर ढील देत आले.

पुढे आयटीआय करून ते गोव्याला गेले आणि जहाजांवरची विंच, म्हणजे दोर गुंडाळायची यंत्रं, दुरुस्त करण्यात त्यांनी तीस वर्षं काढली. तिथेच लीलाधर सर भेटले. सर मूळचे जळगावचे, समुद्राचे शास्त्रज्ञ. एकदा जहाजावर विंचचा दात तुटला तेव्हा नानांनी त्या यंत्राला अहिराणीत ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकून सर वरच्या मजल्यावरून जिना उतरत धावत आले. परक्या मुलखात आपली भाषा इतकी भरघोस ऐकायला मिळाली म्हणून त्यांचा चेहरा फुलून गेला होता. दक्षिणेच्या मोहिमेवर विंचवाला म्हणून नानांची नेमणूक त्या शिव्यांनीच झाली, असं म्हटलं तरी चालेल.

सरांचं काम ऐकण्याचं होतं. देवमाशाचा आवाज रेकॉर्ड करणारं यंत्र समुद्राच्या तळाशी जड वजन बांधून सोडायचं, वर्षभर तिथेच ठेवायचं आणि पुढच्या साली जाऊन वर काढायचं. जहाजावरून खुणेचा आवाज पाण्यात सोडला की यंत्राची कडी वजनापासून सुटते आणि तरंगते गोळे त्याला वर आणतात. सगळं नीट झालं तर. नाही सुटलं, तर मात्र दोर आणि आकडे टाकून तळ खरवडत बसायचं. हे ऐकल्यावर नाना म्हणाले होते, सर, हा तर विहिरीचा धंदा आहे. सर हसले आणि म्हणाले, मग तुमचा गळ घेऊन या.

म्हणून दोन हजार सहाच्या हिवाळ्यात नाना गावी आले आणि खुंटीवरचा गळ काढला. तेवढ्यात तानुबाई चुलीपासून उठली.

"घरना व्हवो का परका, गळ लई जावाना शे तर भांडं ठेवनं पडी."

सगळे हसले. थोरले भाऊ झुलाल तर ठसका लागेपर्यंत हसले. पण माय हात पुढे करून उभीच होती. सातवीत पहिला नंबर आला म्हणून वडिलांनी घेऊन दिलेला तांब्या नानांनी तिच्या हातात दिला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं : तोताराम पुना पाटील. माहेरपणाला आल्यासारखे वर्षातून दोनदा गावी येत तेव्हा ते त्याच तांब्याने पाणी पीत. मायने तो फळीच्या डाव्या टोकाला ठेवला आणि म्हणाली, "गळ लयशी तवय तांब्या लई जाय."

त्या समुद्राचं काय सांगावं? नाना नेहमी सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. चार स्वेटर आणि त्यावर रबरी कोट घालून ते डेकवर उभे राहत. बर्फाचा पहिला डोंगर दिसला तेव्हा तो पांढरा नसून निळा आहे हे बघून आपल्याला इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही, याचाच त्यांना राग आला होता. एकदा देवमासा जहाजाला लागून वर आला आणि त्याने श्वास सोडला. तो वास थेट उकिरड्याचा होता. नाना म्हणायचे, एवढं मोठं देवाचं जनावर, आणि तोंडाला हा वास. ऐकणारे हसून लोळायचे. पण सरांनी त्याच जातीचा आवाज त्यांना ऐकवला ती गोष्ट ते हसवायला सांगत नसत. तो आवाज इतका खोल होता की माणसाच्या कानाला लागेना. सरांनी त्याचा वेग वाढवला तेव्हा तो लागला. लहानपणी मोट रिकामी होऊन पुन्हा विहिरीत उतरताना चाक कण्हायचं, तसा. नानांना ध्यानीमनी नसताना वडील आठवले होते आणि हेडफोन काढून ते डेकवर निघून गेले होते.

त्या साली यंत्राने खुणेला उत्तर दिलं नाही. ते एका उथळ पठारावर होतं, तरी चारशे मीटर खोल. परस म्हणजे एका माणसाची उंची, आणि गावाकडे विहिरी परसांनी मोजतात. नानांनी मनात हिशेब केला तर सव्वादोनशे परस भरले. गावातली सगळ्यात खोल विहीर अठरा परसांची. दोन दिवस जहाजाचे मोठे आकडे टाकून झाले, एक हरवला आणि एक वाकून आला. तिसऱ्या दिवशी नानांनी पुनाभाऊंचा गळ दोराच्या टोकाला बांधला. विंच सावकाश चालू ठेवून त्यांनी हातमोजा काढला आणि दोरावर बोटं ठेवली. दुपारी बोटांना काहीतरी लागलं. दगड नव्हता, गाळ नव्हता. नाना ओरडले, लागला.

इथपर्यंतची गोष्ट शंभर टक्के खरी होती. पुढची मात्र गावाला माहीत नव्हती.

लागल्यावर नानांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. हातभर ढील दिली. विहिरीचं पाणी हलत नाही आणि विहिरीच्या काठावर बसलेला माणूसही हलत नाही. पण इथे पायाखालचं जहाज लाटेबरोबर उतरलं, हातभर ढिलीची झाली दोन परस ढील, आणि पुढच्याच लाटेला जहाज उसळून वर आलं तेव्हा त्या सैल दोराला असा हिसका बसला की तो गाठीजवळ तुटला. वर आला तो नुसता दोर. त्याच संध्याकाळी हवा बिघडली आणि जहाज परत फिरलं. तेरा महिन्यांचे आवाज, सरांचं सगळं काम आणि वडिलांचा गळ, सगळं तळाशी राहिलं. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "समुद्रात दोर तुटतात, तोताराम." अहवालातही त्यांनी तेवढंच लिहिलं. ढिलीबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि ते गेले त्यालाही आता सात वर्षं झाली.

गावी आल्यावर मायने विचारलं, "लागना का रे?" नाना म्हणाले, लागना, माय. हे खरंच होतं. पण पुढचं वाक्य बोलायच्या आत ओटा माणसांनी भरला, झुलालने पाठीवर थाप मारली आणि कोणीतरी विचारलं, वर किती वजन आलं? नानांच्या तोंडून निघून गेलं, दोन माणसांएवढं. बस्स. एकदा वर आलेलं यंत्र पुन्हा समुद्रात टाकता येत नाही. वर्षागणिक ते वजनदार होत गेलं आणि हातभर ढिलीचं तर इतकं कौतुक झालं की शाळेच्या गुरुजींनी नानांना पंधरा ऑगस्टला भाषणाला बोलावलं. गळ माझ्या पेटीत आहे, असं ते सांगत. कोणी बघायला मागितला नाही. गावात बोअर झाले, विहिरींवर मोटारी बसल्या, बादल्या प्लास्टिकच्या आल्या आणि त्या बुडायलाही तयार नसत. नानांची लबाडी अशी त्या प्लास्टिकवर तरून गेली.

फक्त तांब्या तेवढा फळीवर राहिला. नानांनी तो मागितला नाही. कोणत्या तोंडाने मागणार? मायने त्यांना स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं आणि पुढेही पेल्यातच देत राहिली. ते जेवायला बसत ते फळीकडे पाठ करून. पाच वर्षांनी माय गेली. मग झुलालही गेले. नानांची बायको त्याआधीच गेली होती, म्हणून निवृत्त होऊन गावी आल्यापासून त्यांचं जेवणखाण झुलालच्या बायकोकडे, द्रौपदाबाईंकडे होतं. त्या घरात, त्याच फळीसमोर, नाना अजूनही पाठ करूनच बसत आणि पेल्यानेच पाणी पीत.

समीक्षा ही झुलालची नात. तिचे वडील ज्ञानेश्वर धुळ्याला शिक्षक, त्यामुळे ती वाढली धुळ्यात. पण उन्हाळ्याची एकही सुट्टी तिने इथे चुकवली नाही. सगळी पोरं आंबे खायला यायची, ही गोष्ट ऐकायला यायची. देवमाशाच्या वासाशी ती हसायची आणि आवाजाशी गप्प व्हायची. गोव्याला जाऊन याच विषयात तिने पीएच.डी. घेतली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी नानांचे आभार मानले होते. नानांनी ते घेतलेही होते, ही खरी दुखणारी जागा.

ती आली ती बॅग ओट्यावर टाकून थेट आजीच्या गळ्यात पडली. पाठीवरच्या पिशवीच्या खिशात तिची ती निळी स्टीलची बाटली होती, चिकटवलेल्या चित्रांनी भरलेली. बर्फावर, जहाजावर, प्रत्येक फोटोत ती बाटली तिच्याबरोबर असायची. दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी आणि उडदाची डाळ खाऊन झाल्यावर तिने नानांपुढे कागद पसरले. मागच्या वर्षी सोडलेल्या तिच्या यंत्राला, तिकडून जाणाऱ्या एका परदेशी जहाजाने गेल्या महिन्यात खुणेचा आवाज दिला होता आणि यंत्राने उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे आता तळ खरवडणं आलं. चार वर्षं मागे लागून तिला हे एक यंत्र मिळालं होतं. ते गेलं तर पुन्हा कोणी देणार नव्हतं. मग तिने एक पान काढलं. त्यावर तिच्या अक्षरात पायऱ्या लिहिल्या होत्या आणि पाचव्या पायरीपुढे लिहिलं होतं : लागला की हातभर ढील, नानांची पद्धत.

"कॅप्टनला मी सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "ते म्हणाले, ज्या माणसाने या पद्धतीने एकदा काढून दाखवलंय, त्याचंच ऐकू."

 नाना हात धुण्याच्या निमित्ताने उठले आणि बराच वेळ हात धूत राहिले. गप्प बसणं सोपं होतं. दोर तुटला असता तर समुद्रात दोर तुटतात, असं त्यांनाही म्हणता आलं असतं, सरांसारखं. पण सरांनी ते त्यांना वाचवायला म्हटलं होतं, आणि त्यांनी म्हटलं असतं ते स्वतःलाच वाचवायला. हा फरक त्यांना चांगला कळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला जुन्या विहिरीवर घेऊन गेले. द्रौपदाबाई तिथेच कडुनिंबाखाली शेवया वाळत घालत होत्या. नानांना त्या नको होत्या, पण आता थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही हेही त्यांना ठाऊक होतं. ते काठावर बसले, जिथे वडील बसत तिथेच.

"समीक्षा, गळ पेटीमा नही शे," ते म्हणाले. "तो तठेच शे, समुद्रमा. ते यंत्र वर उनंच नही. मी ढील दिधी म्हनीसन दोर तुटना."

एकदा सुरुवात झाल्यावर राहिलेलं आपसूक निघालं. लाट, हिसका, नुसता दोर, सरांचा हात, ओट्यावरचं ते दोन माणसांचं वजन. काही लपवलं नाही. बोलताना ते विहिरीतच बघत होते, कारण तिच्याकडे बघण्याची त्यांची छाती नव्हती.

 समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रागही होता. बारावीत असताना निबंधात मी हेच लिहिलं होतं, असं ती म्हणाली. मुलाखतीतही हेच सांगितलं होतं. नाना म्हणाले, माहीत आहे. मग ती विहिरीत डोकावली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे ते आवाज अजून खालीच आहेत."

नाना हो म्हणाले. अठरा वर्षांत त्यांनी स्वतःशी रोज हेच म्हटलं होतं, पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकताना त्यांना रडू आवरेना. एकाहत्तर वर्षांचा माणूस धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडला. समीक्षा त्यांच्याजवळ सरकून बसली, पण समजूत घालायला गेली नाही.

द्रौपदाबाई केव्हा उठून घरी गेल्या ते दोघांनाही कळलं नाही. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांब्या होता. चिंचेने घासून लख्ख केलेला, पाण्याने भरलेला. त्यांनी तो नानांसमोर धरला.

"मायनी माले सांगेल व्हतं," त्या म्हणाल्या. "तोता ज्या दिन खरं सांगी, त्या दिन हाऊ तांब्या त्याले दे. तवलोंग फळीवरथीन हालाडू नको."

नानांनी वर बघितलं. मायला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. वहिनींनी सांगितलं.

"ती म्हने, गळ उना ऱ्हाता तं पोऱ्यानी पहिले तांब्या मांगा ऱ्हाता."

म्हणजे गळ आलाच नाही, हे मायला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ओट्यावर लोक जमले, झुलालने पाठ थोपटली, नाना वजन सांगत होते आणि माय आत फळीसमोर उभी राहून वाट बघत होती, मुलगा तांब्या मागतो का. पुढची पाच वर्षं तिने ती गोष्ट प्रत्येक वेळी पुरती ऐकली आणि कधी चारचौघांत त्यांना उघडं पाडलं नाही. आणि कधी तांब्याही दिला नाही. नानांनी तांब्या दोन्ही हातांत धरला. नावावरचे ठिपके बोटांना लागत होते. पाणी पिताना ते निम्मं अंगावर सांडलं.

समीक्षाने तोपर्यंत डोळे पुसले होते. ती पोरगी मूळची व्यवहारी. "ढील नाही द्यायची, मग काय करायचं?" तिने विचारलं.

अठरा वर्षं नानांनी दुसरा विचार कशाचा केला होता? ते उठले. आधी कौतिक लोहाराकडे गेले आणि त्याच्या उरावर बसून गळ घडवून घेतला, वडिलांचा होता तसाच, चार आकड्यांचा. कौतिकने विचारलं, हे आता कोणाला लागतं? नाना म्हणाले, देवमाशाला. दुपारी त्यांनी कडुनिंबाच्या फांदीला झोका बांधला, विहिरीत पितळी कळशी बुडवली, कळशीत गळ अडकवला आणि चाकावरून आणलेल्या दोराचं टोक समीक्षाच्या हातात देऊन तिला झोक्यावर बसवलं. सत्तावीस वर्षांची डॉक्टर झालेली बाई भर दुपारी झोके घेतेय आणि म्हातारा तिला मागून ढकलतोय, हे बघायला अर्धं गाव जमलं. नानांना कोणाची पर्वा नव्हती.

"जहाज चढी तवय सोड, उतरी तवय ओढ," ते सांगत होते. "दोरले मालूम पडाले नको का तू हालस."

पहिल्या तीन वेळा कळशी निसटली आणि लोक हसले. चौथ्या वेळी झोका पुढे गेला, मागे आला, आणि दोर मात्र जागच्या जागी ताठ राहिला. मग ती झोका न थांबवता थोडी थोडी ओढत गेली आणि कळशी काठापर्यंत आली. नानांनी तिच्या त्या पानावरची पाचवी पायरी स्वतःच्या हाताने खोडली.

संध्याकाळच्या गाडीने ती निघाली. गळ गोणपाटात गुंडाळून बॅगेत ठेवला, आणि ती ओट्यावरून उतरणार एवढ्यात द्रौपदाबाई दारात आडव्या झाल्या, हात पुढे करून. समीक्षा हसली. पिशवीच्या खिशातून तिने निळी बाटली काढली, क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि आजीच्या हातात ठेवली. फळीच्या डाव्या टोकाला, अठरा वर्षं तांब्या होता त्या गोल डागावर, ती बाटली जाऊन बसली.

त्यानंतर दोन महिने तिचा धड फोन नाही. जहाजावरून दोन ओळींचे निरोप ज्ञानेश्वरकडे येत, हवा खराब आहे, तब्येत बरी आहे, एवढेच. यंत्राचं नाव नाही. नाना विचारत नसत. जेवायला मात्र आता ते फळीकडे तोंड करून बसत, आपल्या तांब्याने पाणी पीत आणि मधूनच त्या बाटलीकडे बघत. होळी झाली. दादर कापून खळ्यावर आली. एकदा त्यांनी वहिनींना विचारलं, बाटलीवर धूळ बसते का? वहिनी म्हणाल्या, रोज पुसते. विषय तिथेच संपला.

ती आली तेव्हा दुपारचे अकरा वाजले असतील. ऊन तापलं होतं. नाना ओट्यावर होते, तिला फाटकातून येताना बघून ते उठायला लागले, पण गुडघा धरला आणि तसेच अर्धे उठून राहिले. तिचा चेहरा वाऱ्याने काळवंडला होता, त्यावरून काही समजेना. द्रौपदाबाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. समीक्षाने बॅग खाली ठेवली नाही, पेल्याला हात लावला नाही, पायासुद्धा पडली नाही.

"नाना," ती म्हणाली, "आधी माझी बाटली द्या."

नाना पुन्हा ओट्यावर बसले. वहिनींनी आत जाऊन बाटली आणली. बाटली हातात आल्यावर समीक्षाने गोणपाट सोडलं आणि गळ त्यांच्या मांडीवर ठेवला. चारांपैकी एक आकडा ताणाने जवळजवळ सरळ झाला होता. नाना त्यावरून अंगठा फिरवत राहिले आणि त्यांनी विचारलं, वर किती वजन आलं?

"दोन माणसांएवढं," समीक्षा म्हणाली. नाना गळ घेऊन आत गेले आणि तो त्यांनी वडिलांच्या खुंटीवर अडकवला.